पेंढ्यातल्या पिशव्या

हापूसची पेटी भरावी तर गुरुदासनेच, असं जामसंड्यात कुणीही सांगेल. खाली कडक फळ, वर तयार होत आलेलं, पेंढा कुठे किती दाबायचा, सगळं तीस वर्षांत त्याच्या बोटांना पाठ झालेलं. आपल्या पेटीतला आंबा वाशीला पोचेपर्यंत कधी डागाळला नाही, हे तो स्वतःच इतक्यांदा सांगायचा की ऐकणाऱ्याचे कान किटत. पण दिवाळीनंतरच्या त्या सोमवारी कुडाळच्या दुकानात उभा होता तो गुरुदास वेगळाच होता. ऐट सगळी उतरलेली. कापडी झोळीत दोन लिटर औषधी पाण्याची एक सीलबंद पिशवी, आणि ती त्याने तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली.

दुकान मोटरसायकलवरून लांबच्या सफरीला जाणाऱ्यांच्या सामानाचं. भिंतीला अ‍ॅल्युमिनियमचे डबे, सीटच्या दोन बाजूंना लटकवायच्या रेक्झिनच्या जोड-बॅगा, पाठीमागे बसवायच्या पेट्या. मालक कौस्तुभ तिशीतला, बोलायला गोड.

"काका, किती दिवसांची टूर?"

"शिरसीक जावचा आसा, कर्नाटकात. लेक आसा थंय."

"जावन-येवन किती दिवस?"

"जावक दोन," गुरुदास म्हणाला आणि पिशवी घेऊन एका डब्यात मापायला वाकलासुद्धा.

त्याची बायको तुळसा. दीड वर्षापूर्वी तिची किडनी गेली. तेव्हापासून दिवसातून चार वेळा पोटात बसवलेल्या नळीतून असली एक पिशवी आत सोडायची आणि आधीचं पाणी बाहेर काढायचं. याच आजारपणात लेकीचं, संचिताचं, पहिलं बाळंतपण आलं आणि ते माहेरी करता आलं नाही. शिरसीलाच झालं, सिझेरियन. नात दीड महिन्याची झाली, तुळसाने ती फक्त फोनवर पाहिलेली. त्यानंतर बाई बोलायचीच थांबली.

मग आठ दिवसांपूर्वी गुरुदासला खाटेखाली तीन भरलेल्या पिशव्या सापडल्या. दुपारची पिशवी ती तीन दिवस घेतच नव्हती. पाय सुजून टम्म झालेले आणि तरी गप्प. तो आधी ओरडला, मग तिथेच जमिनीवर बसून रडला.

"पोटात पाणी भरूचा, पाणी काढूचा," ती शांतपणे म्हणाली होती. "मी माणूस आसंय की कळशी? माका आता नको ह्यां."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आडपडदा ठेवला नाही. पिशव्या बंद केल्या तर दोन आठवडे, फार तर तीन. घरी येऊन गुरुदास एवढंच म्हणाला, "चल, नातीक बघूक जावया."

"माका गाडी लागता." हे खरंच होतं. एसटी असो की मोटार, घाट आला की तुळसाच्या पोटातलं सगळं बाहेर. मोटरसायकलवर मात्र वारा तोंडावर असला की तिला काही होत नसे. नवऱ्याच्या मागे बसून ती एकेकाळी आंबोली, गोवा सगळं फिरली होती.

"मोटरसायकलीन जावया."

"आणि पिशयो? डोक्यार घेवन?" ती पहिल्यांदाच हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "त्यो धड नेवक जमल्यो तर येतंय."

जमणार नाही अशा खात्रीनेच तिने अट घातली होती, हे त्यालाही कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. त्याच्यापाशी तर पेंढ्याची अख्खी गंजी होती.

"रेक्झिनच्या बॅगा हलक्या," दुकानात कौस्तुभ समजावत होता. "फक्त सायलेन्सरच्या बाजूक तापतत, घासतत."

"घासान फुटला तर?"

"फुटला तर कपडे भिजतले काका, आनी काय?"

"कपडे न्हय रे!" गुरुदासचा आवाज एकदम चढला. "सुयेएवढा भोक पडला तरी विष होता त्याचा. बायलेचो जीव आसा तो."

कौस्तुभने मग डबे एकेक करून खाली काढले. कडक डबा घासत नाही, पाणी आत जात नाही; पण उन्हात तापतो हे त्याने खरं ते सांगून टाकलं. तापण्याची काळजी गुरुदासला नव्हती. एप्रिलच्या उन्हात, टेम्पोच्या हौद्यात आंबा थंड ठेवणारा माणूस तो.

पाठीमागची पेटी निवडताना मात्र त्याने तमाशाच केला. मोटरसायकल उभी करून मागच्या सीटवर स्वतः बसला, डोळे मिटले, हातपाय सैल सोडले आणि मागे रेलला. अंगात त्राण नसलेलं माणूस पडेल की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. बाहेरचे दोघे हसले. तीन पेट्या बदलून चौथीला त्याची पाठ नीट टेकली, तेव्हा तो उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगणात डबे मांडले. प्रत्येक पिशवी तुळसाच्या जुन्या, धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. खाली पेंढा, वर पिशवी, मध्ये पेंढा, पुन्हा पिशवी. चार उजवीकडे, चार डावीकडे. झाकणं लावून मोटरसायकल तारामुंबरीच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांतून तासभर पिटाळून आणली. डबे उघडले. एकही पिशवी जागची हलली नव्हती. प्लास्टिक थंड होतं.

"तुळसा, ये गो! बघ!"

ती खांबाला धरून आली. सुजल्या पायांनी पायरीवर बसली आणि एकेक पिशवीला हात लावत गेली. मोजून झाल्यावर तिने पुन्हा मोजल्या.

"ह्यो आठ."

"दिवसाक चार. दोन दिवस. बरोबर?"

"आणि येतानाच्यो खंय?"

गुरुदासने वरचा पेंढा बाजूला करून डब्यात पाहिलं. आंब्याची पेटी फक्त जाते. कधी परत आली आहे? तीस वर्षं त्याने जाण्यापुरतंच भरलं होतं, आणि आज जगातली सगळी अक्कल लावून बायकोलाही तसंच भरलं होतं. की आतून त्यालाही वाटत होतं, ही काही परत यायची नाही? त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"माका थंयच ठेवन येतल्यात?" तुळसाने विचारलं. थट्टा नव्हती. तिचे डोळे भरले होते.

"नाय गो... चुकलंय..."

"मगे रडतास कित्याक? ह्यो पेंढो कमी करा." तिने स्वतःच डब्यात हात घातला आणि मूठभर पेंढा बाहेर ओढला. "एक रात रवान परत येवया, आणखी आठ लागतल्यो. चार ह्यात बसतल्यो. उरल्यो चार माझ्या मांडयेर देवा. मी धरतंय."