टपाची माया

"ओढ ना ताई, अजून ओढ!" पिंकी गाडीच्या आतून ओरडली.

बाहेर मैना आणि तिचा नवरा देवराव टपाच्या दोन टोकांना लोंबकळत होते. टप अर्ध्यापर्यंत शहाण्यासारखा खाली आला, मग जड झाला आणि वीतभर फट ठेवून थांबला. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतून नवं राखाडी कापड बाहेर आलं होतं आणि टपाच्या कडेखाली चिमटलं होतं. देवरावनं दार उघडून आत कोंडलेली हवा मोकळी केली, वरून दोन गुद्दे घातले, एक शिवीही घातली. टप हलला नाही.

"राहू द्या जिजाजी," पिंकी खाली उतरून घाम पुसत म्हणाली. "आज काही आमचं निघणं होत नाही."

मैनाला बरं वाटलं. खरं तर लाज वाटायला हवी होती. कापड तिनं कापलं होतं, शिवण तिची होती, आणि शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून केव्हाचा बघत होता. पण तिला गार वाटलं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यायल्यासारखं. टप बसल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येत नाही, आणि गाडी गेली नाही तर माय जात नाही.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापासून जवळच, देवरावचं रिक्षांच्या हुडांचं दुकान आहे. दुकान देवरावचं म्हणायचं. सांगाडा आणि वेल्डिंग त्याचं, पण रिक्षावर चढतं ते कापड मैनाच्या मशीनखालून जातं. तिचा हूड ढोलकीसारखा ताणलेला असतो. टिचकी मारली तर वाजतो. अशा हुडावर पावसाचं पाणी साचत नाही, वाऱ्यानं फडफड होत नाही, आणि आतून पाहिलं तर एक दोरा लोंबताना दिसत नाही. रिक्षावाले सांगतात, रिक्षा भंगारात जाईल पण मैनावहिनीचा हूड फाटणार नाही.

पिंकी तिची धाकटी बहीण, अमरावतीला दिलेली. तिच्या नवऱ्यानं, ललितनं, एक जुनी व्हॅन घेऊन तिच्यात गादी, शेगडी, बेसिन असा सगळा संसार बसवला होता, आणि फिरायला जाणाऱ्यांना तो ती भाड्यानं द्यायचा. गाडीची खरी गंमत तिच्या टपात होती. मागच्या बाजूला बिजागऱ्या, पुढून टप वर उचलायचा. मग वर दोघांना निजता येईल एवढी जागा व्हायची, तीन बाजूंना कापडाची भिंत आणि तिला जाळीच्या खिडक्या. मागच्या खेपेच्या पाहुण्यांनी कापड बाहेर लोंबत असतानाच टप दाबून बसवला. त्यात टप उचलून धरणारा एका बाजूचा गॅसचा शॉकप मेलेला. टप तिरपा झाला आणि कापड एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत फाटलं. अमरावतीत कुणी हात लावेना, तेव्हा पिंकीला बहीण आठवली.

"कामाच्या वेळेले बरोबर आठवते," मैना म्हणाली होती. मनातच, पण देवरावला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पिंकी काल आली ती स्वतः गाडी चालवत, डोळ्यांवर गॉगल. मैनाला सायकलसुद्धा येत नाही. उतरल्या उतरल्या पिंकीनं मायला मिठी मारली आणि म्हणाली, "मम्मी, टप झाला की तुला घेऊन जाते. आधी चिखलदरा. गाडीतच राहायचं, वरच्या मजल्यावर झोपायचं. आणि तिथून माझ्याकडेच यायचं आता. या उन्हात काय ठेवलंय?"

मम्मी! जन्मापासून माय होती, ती अमरावतीची हवा लागल्यावर मम्मी झाली. बरं, मायनं तरी 'पाहू' म्हणावं, 'मैनेले विचारतो' म्हणावं. ती लगेच उठून थैली भरायला लागली. मैनानं नंतर हळूच थैलीत डोकावून पाहिलं. शाल होती, ठीक आहे, चिखलदऱ्याला गार असतं. पायमोजे होते. पण शालीच्या घडीत भिंतीवरचा बापाचा फोटो होता. मेलेल्या नवऱ्याचा फोटो कुणी हवा खायला नेत नाही.

मायचे गुडघे मैनानं चोळले, मोतीबिंदूच्या वेळी डोळ्यांत थेंब मैनानं घातले. पिंकी यायची दिवाळीला आणि भीमजयंतीला, आणि ती आली की मायचा चेहरा असा खुलायचा की मैनाला स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटावीशी वाटायची. लहानपणापासून हेच. माय लोकांची पोलकी शिवायची. तिनं मैनाला शाळेतून काढून मशीनवर बसवलं आणि पिंकीला कॉलेजात पाठवलं. मैना हे कधी बोलली नाही. पण विसरलीही नव्हती. एकेक गोष्ट तिच्याजवळ जपून ठेवलेली होती.

कापड बेतताना पिंकी डोक्यावर उभी होती. "ताई, आतूनही फिनिशिंग पाहिजे हं. लोक आतले फोटो टाकतात."

"हो का? घे मंग फिनिशिंग," असं म्हणत मैनानं टप पूर्ण वर करायला लावला, रिक्षाचं घेतात तसं ताणून माप घेतलं, आणि शिवणी झाल्यावर आतलं उरलेलं कापड कात्रीनं अगदी टाक्यापर्यंत छाटून टाकलं. इतकी जोरात कात्री तिनं कधी चालवली नव्हती. चढवलेलं कापड टिचकीला वाजलं. पिंकी "वॉव ताई" म्हणाली. देवरावनं नवे शॉकप बसवले, टप रुबाबात वर गेला, आणि खाली येताना असा अडकला.

"काय झालं वं?" माय दुकानाच्या बाकावरून उठून आली. थैली तिनं काखेतून सोडली नव्हती.

"बसत नाही टप," पिंकी म्हणाली.

"वर करा त्याले. मले वर चढवा."

"तू कुठी चढतं माय? गुडघे पाहा आपले," मैना म्हणाली.

"चिखलदऱ्याले चढाच लागन ना. आतापासून सवय करतो."

बघा, अजून चिखलदराच! देवरावनं टप उचलला आणि सासूला धरून वरच्या बिछान्यावर बसवलं. मायला आता दिसतं ते बेताचंच. बाकीचं ती बोटांनी पाहते. तिनं एका टोकापासून शिवण चाचपायला सुरुवात केली. बाहेर उभ्या असलेल्या मैनाला कापडातून तिच्या बोटांचे उंचवटे सरकताना दिसत होते. ती बोटं शिवणीवरून कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली.

"मैने."

"काय?"

"याच्यात माया नाई ठेवली तू?"

शिवणीच्या आत दोन बोटं कापड राखून ठेवतात, उद्या सैल करायची वेळ आली तर असावं म्हणून, ती माया. मैनाला शिवणातला हा पहिला शब्द मायनंच शिकवला होता.

"तिले फिनिशिंग पाहिजे होतं," मैना म्हणाली.

"फिनिशिंगले काय जाळाचं हाय? टप खाली येते तवा कापडाले कोपऱ्यात आत वळा लागते. वळाले जागा कुठी ठेवली तू? हा रिक्षाचा हूड नाई बाई, हा मिटते." माय जाळीआडून बोलत होती, पोलक्याला नावं ठेवायची त्याच आवाजात. "मी कोनाच्या पोलक्यात माया ठेवल्याबिगर राह्यली नाई. बाई आज हाय तेवढीच उद्या राह्यते का?"

"सगयी माया तू पिंकीत ठेवली," मैना म्हणाली. "माह्यासाठी उरली कुठी?"

म्हणून गेली खरी. देवरावला एकदम शॉकपच्या नटाकडे बघायची निकड वाटली. पिंकीनं गॉगल काढून हातात घेतला. पंक्चरवालासुद्धा ट्यूबवर वाकला.

कापडाच्या आतून मायचा आवाज आला. "पिंकी वाढत्या अंगाची होती वं. वाढत्या पोरीच्या झग्यात ठेवाच लागते. तुह्यं माप मले पाठ होतं. तुह्यावर मी डोये मिटून कात्री चालवली."

मायनं हे कौतुकानं म्हटलं. आयुष्यात तिनं मैनाचं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं. पण मैनाच्या कानात राहिली ती कात्री.

"मले त उलटं वाटे ताई," पिंकी हळूच म्हणाली. रडकुंडीला आली की तिची कॉलेजातली भाषा गळून पडायची. "मी आली का तुमी दोघी दोऱ्याचं, टाक्याचं बोलत बसता. मले काहीच समजत नाई. पाहुनीसारखी बसून राह्यतो मी. मायले माह्याकडे नेल्याशिवाय ती माही कधी होईन?"

हे ऐकून मैनाला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. ज्या घरात आपण जळत होतो त्याच घरात पिंकीही जळत होती म्हणजे. पण म्हणून थैली काही रिकामी होणार नव्हती.

राखाडी कापड संपलं होतं. 'तसलंच कापड आणा, दोन-चार दिवस थांबा' असं मैना म्हणाली असती तर कुणी नाही म्हटलं नसतं. वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. दोन-चार दिवसांत मायचे गुडघे धरले असते, मन फिरलं असतं, फोटो परत खिळ्यावर गेला असता. मैनानं वर पाहिलं. माय जाळीला नाक लावून खाली बघत होती, आगगाडीत पहिल्यांदा बसलेल्या पोरीसारखी. जवळच असून चिखलदरा तिनं कधी पाहिला नव्हता.

"उतर खाली," मैना म्हणाली. "उसवा लागते. कोपऱ्यात कळी घालतो."

झग्याच्या काखेत घालतात तसा तिकोनी जोड, ती कळी. पण घालायची कशाची? दुकानात होता तो रिक्षाच्या हुडाचा पिवळा तागा.

"पिवळं?" पिंकीचं तोंड पडलं. "रिक्षा दिसेल ताई."

"चांगलंच हाय ना," देवराव म्हणाला. "चिखलदऱ्यात कोनी हात दाखवला त बसवून घेजो."

पिंकी रडता रडता हसली. माय म्हणाली, "पिवळंच लाव. मिटलं का आत जाते. कोनाले दिसत नाई."

मैनानं दोन्ही कोपरे उसवले, दोन पिवळ्या कळ्या बेतल्या आणि घातल्या. आत दोन्हीकडून माया ठेवली, दोन बोटं, मायनं शिकवली होती तेवढी. मधल्या पट्ट्यात कापड आत ओढणारं इलॅस्टिक पुन्हा ओवलं. आता टिचकी मारली तर कापड वाजत नव्हतं, नुसतं दबत होतं. तिला ते बघवेना, पण तिनं तसंच राहू दिलं.

पिंकीनं दार उघडं धरलं. देवराव टप खाली ओढू लागला आणि मैना तळव्यानं कोपरे आत ढकलत गेली. पिवळं कापड दुमडलं, राखाडीच्या आत शिरलं आणि दिसेनासं झालं. टप बसला. देवरावनं आतून दोन्ही पट्टे आवळले.

माय पुढच्या सीटवर बसली, थैली मांडीवर. मैनानं तिचा पट्टा लावला, पदर पट्ट्याखालून काढून सरळ केला, औषधाची पिशवी पिंकीच्या हातात दिली आणि कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे सांगितलं. पिंकीनं ते बोटांवर मोजून घेतलं.

"येतो मैने," माय म्हणाली.

"कुठी उसवलं त सांगजो."

"तुह्या हातचं कुठी उसवते?"

"जयभीम जिजाजी," पिंकीनं हात केला आणि गाडी पुलाकडे वळली. बाहेरून टप सपाट दिसत होता. आत काय शिवलं आहे ते कुणाला कळलं नसतं.

देवराव चहा सांगायला गेला. मैनानं खराटा घेतला. मशीनखाली तिनं कालच्या रागात छाटलेल्या राखाडी पट्ट्या पडल्या होत्या, लांबच लांब, दोन बोटं रुंद. तिनं एकेक उचलून ताणून पाहिली. हीच तर ती माया. पण आता तिचा जोड कशालाच लागण्यासारखा नव्हता.

"फेक ना त्या चिंध्या," देवराव येता येता म्हणाला.

"असू द्या."

तिनं पिवळा तागा गुंडाळला, त्यातल्या एका राखाडी पट्टीनं घट्ट बांधला, फळीवर ठेवला, आणि बाहेर खोळंबलेल्या रिक्षावाल्याला म्हणाली, "आन भाऊ, घे आत."