नरहरपंत बरे झाले

इंदूरच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या डोळ्याचा सुटलेला पडदा चिकटवला, आत हवेचा एक फुगा सोडला आणि सांगितलं, आता मान खाली घालून राहायचं. किती दिवस, ते फुगा ठरवेल. जन्मभर शाळेत शिकवलं, साठी ओलांडली, तरी मी कधी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, सासूबाईंपुढेही नाही. ती हौस अशी भागली.

घरी आल्यावर आल्हादनं, माझ्या मुलानं, पलंगाला लागून तेवढ्याच उंचीचा एक बाक आणून ठेवला. मधे वीतभर फट. मी पालथं पडायचं, कपाळ बाकावरच्या उशीवर, हनुवटी पलंगाच्या कडेवर, आणि नजर फटीतून खाली फरशीवर. जेवणखाण आणि अंघोळ सोडली तर दिवसभर हेच, आणि तेव्हाही मान खालीच. जवळ कुणी आलं तर पायाची बोटं दिसत. माणसाचं तोंड बघायला मी आसुसले होते. आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजातल्या रस्त्यावरून लग्नाचा बँड गेला तरी मला आपली फरशीच.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या होत्या. डोळा चोळायचा नाही आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आमच्या घरच्यांनी त्या पाण्यात रडण्याचं पाणीही धरलं. माझी सून निहारिका मोठी काळजीवाहू. तिनं घरभर हुकूम सोडला की आईंना रडू येईल असं काहीही कुणी बोलायचं नाही. झालं! त्या दिवसापासून घरात श्रीकांतचं नाव निघणं बंद झालं. भिंतीवरचा त्याचा फोटोसुद्धा काढून ठेवला, जशी काही मी मान वर करून बघणारच होते.

श्रीकांत माझा नवरा. मी त्याला अरेतुरे करायचे. चार महिन्यांपूर्वी तो गेला. दोन दिवस छातीत दुखत होतं, तर म्हणाला, "गॅस आहे." ओवा चावत बसला. तिसऱ्या दिवशी "जरा टावर चौकात जाऊन येतो" म्हणून चप्पल घातली आणि गेला, तो गेलाच. मग माणसांची रीघ लागली, दिवसकार्य झालं, आणि मी जरा एकटी होते न होते तोच डोळ्यासमोर काळे ठिपके नाचू लागले. माझं रडायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा भांडायचं राहिलं. मला त्याचा इतका राग आला होता की घास गिळवत नव्हता, आणि तो राग काढायला घरात जागा नव्हती. सगळे माझ्याशी इतकं गोड वागत होते की गुदमरायला व्हायचं. आल्हादच्या सपाता दाराशी वाजायच्या, थांबायच्या आणि तशाच परत जायच्या.

अशात सुनंदा येऊ लागली. सुनंदा माझी जुनी मैत्रीण. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे मिरजेहून उज्जैनला आली आणि इथलीच झाली, पण माझ्या मराठीला नावं ठेवायचं काही सोडलं नाही. नानाखेड्याहून रोज सकाळी ई-रिक्षानं यायची.

"मला पुस्तक वाचून दाखव," मी पहिल्याच दिवशी म्हटलं. "दुसऱ्या फळीवर निळ्या बांधणीची कादंबरी आहे, ती."

दाराशी निहारिका तिला कुजबुजत सांगत होती, "मावशी, दुःखाचं काही नको हं." मला डोळ्याचा त्रास होता, कानांचा नव्हता.

ती कादंबरी मी उगाच निवडली नव्हती. सह्याद्रीतल्या एका धरणावरच्या नरहरपंत ओव्हरसियरांची ती गोष्ट. ते भर पावसात ताप अंगावर काढतात आणि जातात. त्यांची बायको उमाबाई शोकाबिकात बसत नाही. ती धरणाच्या भिंतीवर उभी राहून मेलेल्या नवऱ्याशी कडकडून भांडते. मला ते भांडण ऐकायचं होतं. आपल्याला जमत नाही ते निदान दुसऱ्या बाईच्या तोंडून तरी. मी ती गोष्ट पाच-सहा वेळा वाचलेली आहे, हे मात्र सुनंदाला सांगितलं नाही.

सुनंदा ठसठशीत वाचते. रोज थोडं थोडं करत आम्ही पंतांच्या तापापर्यंत पोचलो.

"पंतांचा ताप चढतच गेला," सुनंदा वाचत होती. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. पान उलटलं. मग बरीच पानं एकदम उलटल्याचा आवाज आला.

"आणि... सकाळी ताप उतरला," सुनंदा म्हणाली. "पंतांना दरदरून घाम आला. आणि... भूक लागली."

मी उशीतच डोळे मिटले. नरहरपंत बरे झाले होते!

"त्यांनी पोहे मागितले," सुनंदा पुढे रेटत होती. "वर भरपूर जिरावन टाकून."

जिरावन! पोह्यांवर भुरभुरायचा आमच्या माळव्याचा मसाला तो, सह्याद्रीतल्या धरणावर कुठून येणार? पण पोह्यांवर डोंगराएवढं जिरावन घालणारा एक माणूस मला माहीत होता.

दुसऱ्या दिवशीपासून पंत भलतेच ठणठणीत झाले. सुनंदाला कल्पनाशक्तीची देणगी नाही. मनानं रचायची वेळ आली की ती ओळखीचं काहीतरी उचलते. पंत जामफळ, म्हणजे पेरू, चिरून आधी सगळ्यांना वाटू लागले आणि स्वतःला फक्त बियांचा गर ठेवू लागले. दसऱ्याला चढवलेला स्वेटर होळीपर्यंत उतरवीनात. पाहुणे येणार म्हटलं की आमच्या उज्जैनच्या भैरवगढला जाऊन छापाची नवी चादर आणू लागले, घरात आधीच्या चादरींनी पेटी भरलेली असताना. धरणावरून भैरवगढ! मी हूं की चूं केलं नाही. घरात त्याचं नाव बंद झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या घरात बसून श्रीकांतबद्दल बोलत होतं. मी हलले असते तर ती थांबली असती.

पण आणखी चार-पाच दिवस गेले आणि मला ते सोसेना. पंत मरत नव्हते, म्हणून उमाबाई भांडत नव्हती. जामफळं खाऊन खाऊन तो माणूस त्या खोलीत माझ्यासारखाच अडकून पडला होता. तो खरा नव्हता आणि जातही नव्हता. मला पुन्हा गुदमरू लागलं.

"आज पंत भाजी आणायला निघाले..." सुनंदानं सुरुवात केली.

"सुनंदा," मी फटीतून म्हटलं, "आता मार त्यांना."

"कुणाला?"

"पंतांना. जाऊ दे आता त्यांना."

 तिच्या पायाची बोटं आखडलेली मला दिसत होती.

"तू वाचलंयस हे?" तिनं विचारलं.

"हो न. कितीदा तरी."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? मी मूर्खासारखी जिरावन काय घालतेय..."

"तू इतकं मस्त सांगून राहिली होतीस."

"'सांगून राहिली' काय गं? 'सांगत होतीस' म्हण," ती सवयीनं म्हणाली आणि तिनं खुर्ची माझ्याजवळ ओढली. "विजू, मी ते पान उघडलं होतं. वाचवेना मला. भावजी आमच्याकडे यायचे तेव्हा दारातूनच हाक मारायचे. मला अजून वाटतं, आता येईल हाक. मी नाही मारू शकत त्यांना."

"मी पण नाही ग. पण पुस्तकात आहे ना? तू फक्त वाच. उमाबाईपर्यंत वाच."

तिनं नाक शिंकरलं, पानं मागे उलटली आणि वाचू लागली. पंत गेले. कादंबरीत ते एका ओळीत जातात. मग उमाबाई धरणाच्या भिंतीवर गेली आणि ओरडली, "ताप अंगावर काढलात. मला म्हणालात, नुसती थंडी वाजतेय. मी काय परकी होते? मला का नाही सांगितलंत?"

"गॅस म्हणे!" मी ओरडले. माझ्याही नकळत. "गॅस! ओवा चघळत बसला. श्रीकांत, अरे एकदा तरी म्हणायचं होतंस, विजू, घाबरल्यासारखं होतंय. शाळेतल्या पोरांच्या खोट्या पोटदुख्या ओळखल्या मी जन्मभर, आणि तू मला फसवलंस? चप्पल घालून खुशाल निघालास!"

सुनंदानं पुस्तक खाली ठेवलं. "खरंच चुकलं हो भावजी तुमचं," ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडू लागली. मीही रडत होते. पालथं पडून रडलं की पाणी गालावर येत नाही, सरळ फरशीवर पडतं.

निहारिका धावत आली. "आई, डोळा! मावशी, मी तुम्हाला सांगितलं होतं ना..."

"तू जरा थांब गं बाळ," सुनंदा म्हणाली. "हे पाणी बाहेर जातंय, आत नाही."

तेवढ्यात दाराशी सपाता वाजल्या. थांबल्या. या वेळी परत गेल्या नाहीत. आल्हाद आत आला, फरशीवर उताणा पडला आणि सरकत सरकत त्यानं डोकं फटीखाली आणलं. किती दिवसांनी मी कुणाचं तोंड पाहत होते. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माझं पाणी त्याच्या कपाळावर पडलं, ते त्यानं पुसलं नाही.

"आई, मलापण गॅसच म्हणाले होते," तो म्हणाला. "मी मेडिकलवरून चूर्ण आणून दिलं. दवाखान्यात न्यायचं सोडून चूर्ण आणून दिलं मी."

म्हणजे चार महिने तो हे घेऊन माझ्या दारापर्यंत येत होता.

"तुझं काही नाही चुकलं," मी म्हटलं. "त्यानं फसवलं आपल्याला. दोघांनाही. बोल त्याला."

"बाबांना?"

"हो, बोलून टाक."

माझ्या मुलानं आपल्या बापापुढे कधी आवाज चढवला नव्हता.  मग त्याचे ओठ हलले.

"असं नव्हतं करायचं, बाबा," तो म्हणाला.