पिवळीच्या कड्या

सोनेरी दिसलं की तिचं भान जायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पडदे सोनेरी, उशांच्या कडा सोनेरी, चहाच्या कपांना सोनेरी काठ, चपलांना सोनेरी पट्टे. मोरीतला नळसुद्धा हट्टानं सोनेरी बसवून घेतला होता, पाणी मात्र त्यातून पूर्वीसारखंच करंगळीएवढं यायचं. नवरा म्हणायचा, "मी आपला एका जागी फार वेळ बसत नाही. न जाणो, ही मलाही रंगवून टाकेल." त्यात थट्टा होती तशी थोडी भीतीही होती. सोनेरी रंगाचा फवारा घरात कायम असायचा आणि एकदा तो तिच्या हातात आला की तिला आवरणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आई तिला लहानपणापासून 'पिवळी' म्हणायची. चॉकलेट खाऊन झालं की बाकीची पोरं कागद फेकायची, ही कागदासाठी चॉकलेट खायची. मग तो चुरगळलेला सोनेरी कागद घेऊन आईपुढे उभी. आई हातातलं काम टाकायची, कागद टेबलावर ठेवायची आणि बोटातल्या अंगठीनं घासघासून आरशासारखा सपाट करून द्यायची. "घे गं माझे पिवळे, झालं तुझं सोनं." अंगठी म्हणजे एक साधं बारीक वळं. खडा नाही, नक्षी नाही. वडिलांनी लग्नात घातली होती. वडील गेले तरी ती आईच्या बोटातून कधी उतरली नव्हती.

खरं सोनं म्हणाल तर पिवळीच्या अंगावर गुंजभरही नव्हतं आणि त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. तिचं म्हणणं, कपाटात कोंडून ठेवायचं ते कसलं सोनं? डोळ्यांत भरलं पाहिजे. कामही तिला मनासारखं मिळालं होतं. एका मोठ्या दुकानात भेटवस्तू बांधून द्यायच्या टेबलावर ती होती. फितीची गाठ ती मारायचीच नाही. पितळेची बारीक कडी घ्यायची, फितीची दोन्ही टोकं तिच्यातून ओढून घ्यायची आणि वर पाकळ्या फुलवायच्या. गाठीपेक्षा हजार पटीनं देखणं काम. गिऱ्हाईक म्हणायचं, "त्या कडीवाल्या बाईंकडूनच बांधून द्या हं." कड्या यायच्या मळकट, शेवाळी रंगाच्या. त्या ती घरी आणायची, गॅलरीत तारेला ओळीनं टांगायची आणि सोनेरी फवारा मारून वाळवायची.

तर आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी तिला दवाखान्यात दाखल केलं आणि नर्सनं सांगितलं, अंगावर धातूचं काही नको. अंगठी निघता निघेना. साबण लावला, दोरा गुंडाळला, आईनं दातावर दात धरले, तेव्हा कुठे ती सुटली. बोटावर पांढरी खोल वळी राहिली. आईनं त्या उघड्या बोटाकडे असं पाहिलं, की पिवळीला दुसरीकडे तोंड फिरवावं लागलं.

"नीट ठेव गं," आई म्हणाली. "शुद्धीवर आले की आधी ही दे. बाकी पाणीबिणी मागाहून."

"अगं, देते. मी काय खाऊन टाकणार आहे का?"

"तुझा काय भरवसा," आई हसली. "सोनेरी दिसलं की झालं."

घरी आल्यावर पिवळीनं अंगठी हातात घेऊन पाहिली. आयुष्यात पहिल्यांदाच ती अंगठी आईच्या बोटाबाहेर पाहत होती. आणि खरं सांगायचं तर तिचा हिरमोडच झाला. भांडी घासून, कपडे धुऊन तिचा पार निस्तेज तांबूस तुकडा झाला होता. चरे पडलेले, आतून काळी. हे आपल्या आईचं सोनं! गॅलरीत तारेला दुकानाच्या कड्या टांगलेल्या, फवारा हातात, आणि मनात आईचं ते ओकंबोकं बोट. शुद्धीवर आल्यावर तिनं पाहावं आणि म्हणावं, अगंबाई, ही माझीच का? सोनाराकडे न्यावी, तर तो घासून निम्मी करील. त्यापेक्षा एकच हात मारू, अगदी हलका. नको असेल तेव्हा काढता येईल.

आता काय म्हणावं या बाईला? खऱ्या सोन्याला सोनेरी रंग! पण त्या घटकेला तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तिनं अंगठी तारेच्या अगदी टोकाला, वेगळी टांगली, फवारा मारला आणि लांबून पाहिलं. छान दिसत होती. बाकीच्या कड्यांसारखीच दिसत होती.

सकाळी आईला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत गुंगीतच असतील, इथे बसून काही उपयोग नाही. तेवढ्यात दुकानातून मॅनेजरचा फोन, गर्दी उसळली आहे, थोडा वेळ तरी या, गिऱ्हाईक तुमच्या नावानं अडून बसलंय. पिवळीनं विचार केला, नुसतं बसून जीव टांगणीला लागण्यापेक्षा हात चाललेले बरे. तिनं नवऱ्याला फोन केला.

"अहो, गॅलरीतल्या कड्या वाळल्यात. तेवढ्या पिशवीत भरून दुकानात आणून द्याल का?"

"आणतो की," नवरा म्हणाला. भला माणूस. सांगितलेलं काम चोख करणारा. त्यानं तार काढली, तिरकी धरली आणि सगळ्या कड्या सरसर पिशवीत ओतल्या. एकही खाली पडू दिली नाही.

पिवळीनं दुपारभर मान वर केली नाही. फीत ओढ, पाकळ्या फुलव, पुढचं खोकं घे. मन दवाखान्यात आणि बोटं आपली सवयीनं चाललेली. त्यातच केव्हातरी तिच्या बोटांतून तिच्या आईची अंगठी गेली आणि बोटांना पत्ता लागला नाही. पुढे तिला याचंच सर्वांत जास्त लागून राहिलं.

संध्याकाळी अंगठी घेऊन दवाखान्यात जावं म्हणून ती घरी आली. गॅलरीत गेली. तार रिकामी.

"अहो, टोकाची कडी कुठंय?"

"कुठली टोकाची?"

"वेगळी टांगलेली! एकटी!"

"सगळ्याच दिल्या ना तुला," नवरा म्हणाला, आणि मग तिचा चेहरा पाहून त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "का गं? काय झालं?"

तिनं सांगितलं. ती रडलीसुद्धा नाही, रडायला वेळ कुठे होता? तशीच उलट पावली दुकानात पळाली.

डब्यात थोड्या कड्या उरल्या होत्या. तिनं त्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उचलून तळहातावर तोलली, दातांखाली धरली, कात्रीच्या टोकानं रंग खरवडला. खालून पितळ. पुन्हा पितळ. पुन्हा पितळ. तिची नखं सोनेरी झाली, ओठांना सोनेरी भुगा लागला. झाडणारी बाई केर काढता काढता थबकून बघायला लागली. मागच्या अंगणातला कचऱ्याचा पिंपही तिनं उपसला. फितींचे तुकडे, टेप, रिकाम्या गुंडाळ्या, आणि अंगठीचा मागमूस नाही.

मॅनेजर म्हणाला, "बाई, आज बांधलेली खोकी कुठल्या कुठे गेली असतील. कुणाचं नाव आहे आपल्याकडे?"

एकच गिऱ्हाईक तिच्या ओळखीचं होतं, मागच्या गल्लीतल्या मास्तरीणबाई. नणंदेसाठी चहाचे कप घेतले होते त्यांनी. पिवळी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. धाप लागलेली, केस विस्कटलेले. "ती कडी... खोक्यावरची कडी मला परत द्या."

"अहो, पण नणंदेनं आत्ताच उघडलं खोकं. फीत कचऱ्यात टाकली बहुतेक." मास्तरीणबाईंना काही कळेना, पण त्या बिचाऱ्या आत गेल्या. भाजीच्या देठांखालून, कांद्याच्या सालींतून ओली फीत ओढून आणली. कडी होती! पिवळीनं ती पदरानं पुसली आणि उंबऱ्यावरच नखानं खरवडायला सुरुवात केली. देवा, एवढं कर. पुन्हा काही मागणार नाही. घरातला सोनेरी चमचान् चमचा फेकून देईन.

पितळ निघालं.

तिथेच तिचा फोन वाजला. नर्स होती. "आजी शुद्धीवर आल्यात. सगळं छान आहे. पाणी देऊ का विचारलं, तर म्हणतात, आधी माझी अंगठी. तुम्ही येताय ना?"

येताय ना! काय सांगायचं जाऊन? पोट चिरून आत्ता कुठे डोळे उघडलेल्या बाईला सांगायचं, की तुझी अंगठी मी रंगवली आणि कुणाच्या तरी खोक्यावर बांधून टाकली? ती दुकानात परत आली. डब्यातून रंग शाबूत असलेली, जरा जाडसर अशी एक कडी निवडली. हातरुमालात गुंडाळली. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या, पण रुमाल काही फेकला नाही.

आईचा हात गार होता. पिवळीनं त्या पांढऱ्या वळीवर कडी चढवली. थोडी सैल झाली. आईनं हात डोळ्यांपुढे धरला. बराच वेळ धरला.

"कशी चकाकतेय गं," ती क्षीण आवाजात म्हणाली.

"उजळून आणली."

"हो का?" आईनं हात हळूच छातीवर ठेवला. "बरं केलंस. आता पाणी दे."

पिवळीनं घोटभर पाणी पाजलं. तिला वाटलं, निभावलं. आई घरी येईपर्यंत खरी शोधून काढू आणि गुपचूप बदलून टाकू.

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलावर पाटी लावली. आणि इथेही नशीब कसं बघा. कडी खरी सोन्याची आहे असं लिहावं, तर मिळालेला माणूस कशाला परत आणेल? नाही लिहावं, तर एका कडीसाठी कोण पायपीट करेल? शेवटी लिहिलं, 'भेटीच्या खोक्यावरची कडी कृपया परत आणून द्यावी.' गिऱ्हाईक वाचायचं आणि हसायचं, काय कंजूस दुकान आहे! एक कॉलेजची पोरगी तेवढी कड्या घेऊन आली, मैत्रिणींकडून गोळा करून. पिवळीनं तिच्यादेखतच त्या खरवडल्या. सगळ्या पितळेच्या.

घरी तिनं सोनेरी पडदे उतरवून ठेवले. सोनेरी काठाचे कप कपाटात कोंडले. नवरा पिशवी ज्या खिळ्याला टांगायचा, तो खिळाच त्यानं उपटून टाकला होता.

आई मात्र सुधारत होती. फक्त डावा हात कायम चादरीखाली. पिवळीनं विचारलं, तर म्हणायची, गार लागतं. जेवायची उजव्या हातानं, पाणी प्यायची उजव्या हातानं. पिवळीला वाटलं, सलाईनच्या सुईनं दुखत असेल.

घरी सोडायच्या दिवशी नर्सनं तिला बाहेर बोलावलं. "तुम्हाला म्हणून सांगते. आजींच्या बोटाला हिरवं पडलंय त्या अंगठीनं. पांघरुणावर सोनेरी पापुद्रे पडतात, त्या ते वेचून उशीखाली ठेवतात. मी म्हटलं, काढू या, तर हात लावू देत नाहीत. आणि म्हणतात, माझ्या लेकीला बोलू नका हं, तिच्या जिवाला लागेल."

पिवळी आत गेली. आई खिडकीकडे तोंड करून, शाल पांघरून, निघायच्या तयारीत बसली होती. पिवळीनं शालीखालून तिचा डावा हात बाहेर काढला. रंग सगळा उडाला होता. मळकट पितळेची कडी, आणि तिच्याखाली ती जुनी पांढरी वळी हिरवीगार झालेली. पिवळी तो हात गालाला लावून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"उगी," आई म्हणाली. "उगी गं पिवळे. मला त्याच दिवशी कळलं होतं. इतकी वर्षं बोटात होती ती, तिचं वजन मला नाही कळणार? पण तू कशी आली होतीस ते पाहिलं मी. ओठांनासुद्धा रंग लागला होता तुझ्या. म्हटलं, पोर कुठे कुठे धावली असेल."

"मीच घालवली गं आई. मीच रंगवली. माझ्याच हातांनी बांधून देऊन टाकली."

आईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. रागावली नाही, एक शब्द वाकडा बोलली नाही. बाहेर नवरा बॅगा घेऊन उभा होता, तोही खाली मान घालून. मग आई तिच्या कानाशी वाकली आणि इतक्या हळू, की जणू विचारायचीसुद्धा चोरी आहे, म्हणाली,

"पण सापडेल ना गं?"

पिवळीनं मान हलवली. हो म्हणून हलवली. आईनं तिच्याकडे पाहिलं, बोटावरून घसरत आलेली ती कडी पुन्हा मुळाशी सरकवली आणि हात शालीखाली घेतला.