करड्यावरचा स्वार

चित्रकार व्हायच्या आधी एबेन स्ट्रँड दोन हिवाळे आमच्याच रँचवर गुरं राखायचा, आणि त्या कामात तो अगदीच कुचकामी होता. चित्रातला बैल मात्र अंगावर येतोय असं वाटायचं. म्हणून आमच्या मालकांनी, हार्लन टीग यांनी, त्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि गुरं गोळा करण्याच्या शेवटच्या मोठ्या मोहिमेचं चित्र काढायला सांगितलं. पुढच्या वर्षी ज्युडिथ नदीपर्यंत तारेचं कुंपण पडणार होतं, मग मोकळ्या रानात गुरं गोळा करायचं कामच उरणार नव्हतं.

चित्र पुरं झालं तेव्हा ते माझ्या स्वयंपाकाच्या गाडीला टेकवून ठेवलं. मालक कॉफी घेत बाजूला उभे होते. पोरं आपापला चेहरा शोधून एकमेकांची टर उडवत होती. म्हातारा लूथर मात्र चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. चित्रात त्याच्या करड्या घोड्यावर मालकांचा पुतण्या क्लाइड बसला होता.

आमच्याकडे घोडे रँचचे, पण प्रत्येक गड्याला त्याचे त्याचे नेमून दिलेले असतात. मालकाने न विचारता त्यातला एक काढून दुसऱ्याला दिला की अर्थ एकच, गाशा गुंडाळ. तोंडाने कोणी सांगत नाही.

"तुला हे करायला कुणी सांगितलं?" लूथरने विचारलं.

"कुणी नाही रे बाबा," एबेन म्हणाला. "पुढे उजळ घोडा हवा होता, आणि क्लाइडची बैठक बरी दिसत होती. डोक्यातच आलं नाही."

"दोन हिवाळे इथं काढलेस, आणि डोक्यात आलं नाही?"

एबेनचा चेहरा उतरला. त्याने टर्पेंटाइनचा बोळा उचलला. "आत्ता पुसतो त्याला. तुला बसवतो."

"मला काय विचारतोस? मालकांना विचार."

माझा पीठ मळता हात थांबला. लूथर मालकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. गेल्या हिवाळ्यापासून त्याची कंबर धरली होती, खोगीर चढवताना त्याला दम लागायचा. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, मालकांनाही. त्यांनी 'पूस' एवढंच म्हणायचं होतं.

मालकांनी उरलेली कॉफी गवतात ओतली.

"काम झकास झालंय, एबेन," ते म्हणाले. "उगाच कशाला हात लावतोस."

लूथरने मान डोलावली आणि आपलं अंथरूण गुंडाळायला गेला. मला मालकांचा असा संताप आला की कणीक तशीच टाकून द्यावीशी वाटली.

निघताना लूथर करड्याच्या अगदी जवळून गेला. घोड्याने मान पुढे केली. लूथरने त्याला थोपटलं नाही. दुसऱ्याच्या घोड्याला आमच्यात कोणी हात लावत नाही.