आत्याच्या नकाशावरची टिकली

टिकली कागदावरून सोलतानाचा तो पुसटसा आवाज आला, की आजही मला पनवेलच्या तळ्याकाठचं आत्याचं घर, तिन्हीसांजेचा पिवळा उजेड आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवतो. काका गेले तेव्हा आत्याने कपाळावरची टिकली उतरवली. टिकल्यांची पाकिटं मात्र टाकली नाहीत, ती नकाशासाठी वापरली. कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवायची. जिथले लोक राज्यकर्त्याला मतांनी घरी पाठवू शकतात त्या देशाला लाल टिकली, जिथे ब्र काढायची सोय नाही तिथे काळी, आणि धड ना इकडे ना तिकडे त्यांना पिवळी. स्वतःला लाल म्हणवणाऱ्या साम्यवादी देशांना तिने वर्षानुवर्षं काळीच लावली होती! मग एका हिवाळ्यात तिथली सरकारं एकामागोमाग कोसळल्याच्या बातम्या देत रेडिओ खरखरत राहिला आणि तिची बोटं काळ्या टिकल्या सोलत राहिली. सोललेल्या जागी डिंकाचा डाग राही. तो ती पुसू देत नसे. आधी काय होतं तेही दिसायला हवं, म्हणायची.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायचे, तेव्हाची ती संध्याकाळ. माझे बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, मिठागराच्या गावाहून आले. गावाने ग्रामपंचायत बिनविरोध करायची ठरवली होती; आमच्याकडे तो मोठा मान. पण आत्याची बालमैत्रीण पारूमावशी हिने बाबांच्या विरोधात अर्ज भरला होता, आणि तो मागे घ्यायला उद्याची दुपार तेवढी उरली होती.

"पारी तुझंच आयकंल. तिला अर्ज काढायला सांग. आपला गाव एकदिलाचा हाय."

आत्याच्या तर्जनीवर एक टिकली तशीच अडकून होती. न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रेलर धडधडत गेले, खिडकीच्या काचा थरथरल्या. तिचं बोट मात्र हललं नाही. या भावाखेरीज तिला माहेरचं कुणी नव्हतं.

"दादा, एकीला गप्प बसवून एकदिल होतं का रे?"

"म्हंजे नाय सांगनार?"

"नाही."

"मग आजपासून तुला मायेर नाय."

बाबा चहा न घेता गेले. मतदान झालं, बाबा जिंकले, गुलालाने माखले, पारूमावशी पडली. बाबांनी शब्द मात्र खरा केला. आत्या दर भाऊबीजेला पाट मांडायची, निरांजन लावायची आणि वात विझेपर्यंत दाराकडे पाहत बसायची. ती कधी रडली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

ती गेली त्या वर्षीच्या भाऊबीजेला बाबा आले. रिकामा पाट भिंतीशी ओढून नकाशासमोर बसले.

"आपल्या गावाला कंची लावली व्हती तिनं?"

मी मुंबईच्या खाली, निळ्या समुद्राच्या काठाशी बोट नेलं. निकालाच्या दिवशी लावलेली, मोहरीएवढी लाल टिकली.

"मी जिंकलू, तरी लाल?"

"तुम्ही पडूही शकला असतात, म्हणून."

बाबांनी ती अंगठ्याने चाचपली, तर जुना डिंक सुटून ती त्यांच्याच अंगठ्याला चिकटली. परत लावता येईना, टाकवेना. तो अंगठा मुठीत धरून ते कितीतरी वेळ बसून राहिले. नकाशावर आता तिथे फक्त डाग आहे. काळ माणसं अशीच सोलून नेतो, आणि आधी काय होतं ते दिसायला तेवढंच मागे ठेवतो.