आकड्यावरच्या मोटारीचा आवाज

माघातल्या कोवळ्या उन्हात दिनकर माझ्या विहिरीच्या काठावर डोळे मिटून उभा आहे. कानांवर हेडफोन, हातात केसाळ टोपडं घातलेला माइक, आणि खाली पाण्यात पडलेली त्याची सावलीसुद्धा काहीतरी ऐकत असल्यासारखी स्थिर. त्याला आठवू गेलं की आधी हा निश्चलपणाच आठवतो. इतकं स्तब्ध उभं राहणाऱ्या माणसाचा आमच्या उमापुरात संशय येतो.

दिनकर माझा वर्गमित्र, गावातल्या विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या नानांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला राहून तो सिनेमा-मालिकांसाठी यंत्रांचे आवाज गोळा करतो. कुठे पिठाची गिरणी, कुठे कडबाकुट्टी. आवाज काढणाऱ्याला पैसे मिळतात हे आम्हाला ठाऊक होतं, पण नुसतं ऐकणाऱ्यालाही मिळतात हे कुणाच्या पचनी पडेना. त्यात शिवारातल्या बहुतेक सगळ्या मोटारी आकड्यावर, म्हणजे खांबावरच्या तारेला वायर अडकवून चोरलेल्या विजेवर. वीज खात्याच्या माणसाची नुसती चाहूल लागली तरी एका मोबाईलवरून दुसऱ्यावर निरोप धावतो, बांबूने आकडे खाली येतात आणि सगळं शिवार मुकं होतं. दिनकर ज्या मळ्यात शिरे तिथे हेच घडे. बिचारा आवाजाच्या शोधात आला होता आणि आम्ही जागोजागी त्याच्या पानात शांतता वाढत होतो.

चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला, सोबत नाना. माझाही आकडाच. गहू ओंबीत आलेला, पाण्याची एकच पाळी राहिलेली. वायर नि स्टार्टर जप्त झाला असता तर घरचं वर्षाचं धान्य उभ्या जागी वाळलं असतं. पण नानांना नाही कसं म्हणणार? माझी मोटार माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त कळायची. मी बटण दाबलं.

नाना वाकले. पेचकसाचं टोक त्यांनी मोटारीला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर नाडी पाहणाऱ्या वैद्याचं गांभीर्य उतरलं. समोर मोबाईल धरला की गप्प होणारा हा माणूस मोटारीशी मात्र मनापासून बोलायचा.

"बेरिंग गेलंय तुजं," ते तिला म्हणाले, "पर लई गुणाची हायेस. चाल, गहू निघंस्तवर चाल."

दिनकरने डोळे उघडले नाहीत. फक्त माइक हळूच त्यांच्याकडे वळवला. ते मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मोटार माझी, गहू माझा, त्यावर नानांची साक्ष. पुरावा आणखी कसा असतो?

"कुणाला ऐकवनार हायेस बे हे?"

त्याने शांतपणे समजावलं. मला त्या शांतपणाचाच संशय आला. माझ्यासमोर पुसून टाक, म्हणून मी हटून बसलो. तो बराच वेळ नानांकडे पाहत राहिला. शेवटी नानाच म्हणाले की पूस बाबा, त्याच्या पोटाचा सवाल आहे. दिनकरने आवाज पुसला आणि माइकला जोडलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र माझ्या डोळ्यांपुढे धरलं. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज त्याची लाज वाटते.

गहू निघाला. वीज खात्याचं पथक त्या वर्षी आलंच नाही. चैत्रात नाना गेले, सकाळी कामाला निघता निघता. दहाव्याला मी दिनकरशेजारी चोरट्यासारखा बसलो. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"नाना मोबाईलपुढं कदी बोललेच न्हाईत," तो म्हणाला. "तेवढाच आवाज गावला होता मला."

मग त्यानेच विचारलं, त्या दिवशी ते मोटारीला काय म्हणाले ते सांग. मी सांगितलं, अक्षर न् अक्षर. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आसं न्हाई म्हनले ते."

मी पुन्हा सांगितलं, जरा हळू, जरा थांबत. पुन्हा त्याची मान हलली, आणि मग तो उठून पाहुण्यांच्या पंगतीकडे गेला.

काळाने माझ्याकडून काहीच नेलं नाही, नानांचे ते शब्द मला आजही सगळे पाठ आहेत. फक्त आता ते माझ्याच आवाजात ऐकू येतात.