राजाच्या वाटेवरची थाळी

मी एक जुनी पितळी थाळी आहे, मित्रांनो. जेवायची नव्हे, काठीनं बडवायची. कोरियातल्या एका खेड्यात, भातलावणीला ताल धरायला म्हणून कासारानं मला ठोकून ठोकून घडवलं. वाजंत्र्यांचा म्होरक्या गप्तोलआजोबा मला जिवापाड जपायचा. माझा आवाज दोन डोंगर ओलांडायचा. खोटं नाही सांगत.

मग सरकारी कोठारातला तांदूळ गायब झाला. चोरला मामलेदाराच्या कारकुनानं, आणि आत गेला गावातल्या मल्सुनचा नवरा दोल्से. कबूल होईपर्यंत रोज फटके. दोल्से कबूल होईना, आणि जगेल असंही वाटेना.

मल्सुननं मामलेदाराकडे अर्ज दिला. त्यानं अर्जाच्या कडेलाच शेरा मारून परत केला, 'चौकशी चालू आहे.' मामलेदाराची तक्रार घेऊन ती तीन दिवस चालत वरच्या सुभेदाराकडे गेली. त्याचा शेरा, 'मामलेदारानं पाहावं.' म्हणजे ज्याच्या नावानं बोंब मारायची, त्याच्याच हातात कागद! मला तर ऐकूनच संताप आला.

आता उरला राजा. त्याची स्वारी जाताना थाळी बडवून दाद मागता येते. पण बडवणाऱ्याला आधी मार, मग विचारपूस.

"पोरी, फटके बसतील गं," आजोबा म्हणाला.

"त्यांना रोजच बसतायत," ती म्हणाली आणि तिनं मला झग्याखाली लपवलं.

स्वारी आली. लाल पालखी समोर येताच तिनं मला बडवायला घेतलं. पण पालखी रिकामी! राजा मागून घोड्यावर येत होता. खेड्यातल्या बाईला हे कुठून ठाऊक असणार? शिपायांनी तिला मातीत दाबलं.

"ए बये, रिकाम्या पालखीला गाऱ्हाणं सांगतेस काय?"

सगळे खिदळले. एकानं मला लाथ मारली. मी गडगडत गेले ती थेट राजाच्या घोड्याच्या टापेखाली. खण्ण! काठापासून मध्यापर्यंत चिरले. घोडा बुजला. स्वारी थांबली.

आम्हाला राजाच्या कचेरीत नेलं. तिथला अधिकारी म्हणाला, "दहा फटके खा. मग बोल."

"वीस मारा, साहेब. पण कागद खाली पाठवू नका."

"का गं?"

"खाली गेला की तो त्याच माणसाकडे जातो. दोनदा गेलाय."

अधिकाऱ्यानं तिचं बोलणं शब्दन् शब्द लिहून घेतलं. फटके मात्र दहा मारलेच. मला जप्त थाळ्यांच्या ढिगात टाकलं. तीन दिवस काहीच कळेना. तिकडे दोल्सेला रोज फटके चालूच. चौथ्या दिवशी कागद परत आला. कडेला राजाचा शेरा होता, 'खाली पाठवू नये. इथूनच माणूस जावा.'

माणूस गेला. कारकुनाच्या परसात पोती सापडली. दोल्सेला पाठुंगळीला घेऊन बाहेर आणावं लागलं, पण श्वास चालू होता.

मी आता नुसती खरखरते. भातलावणीला दुसरी थाळी आहे. असू दे. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हातात कुणाचा अर्ज आला, तर तो कुणाविरुद्ध आहे हे वाचल्याशिवाय पुढे ढकलू नका. तेवढ्या वेळात कुणाची तरी पाठ सोलून निघते.